चिठ्ठीवर आकडाच नव्हता: नागपुरातल्या एका वस्तीतलं आशाताईंचं ट्रेनिंग

नावं सगळी बदललेली आहेत. वस्तीचं नाव मुद्दाम टाकत नाही, पूर्व नागपूर एवढं पुरे. ज्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा विषय येईल त्याचंही नाव नाही, कारण खरं सांगायचं तर चूक अर्धी तिथली आणि अर्धी आमची होती, आणि आमची अर्धी जास्त लाजिरवाणी आहे म्हणून तीच नीट लिहिते.

पार्श्वभूमी

मी नर्स. बारा वर्षं वॉर्डात काढली, मग एका छोट्या संस्थेत ट्रेनर म्हणून लागले. आमचं काम म्हणजे महानगरपालिकेच्या एका नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या आशाताईंना लहान लेकरांच्या आजारपणाबद्दल शिकवणं, म्हणजे जुलाब, ताप, खोकला-न्यूमोनिया, आणि कोणत्या लेकराला घरी सांभाळायचं आणि कोणाला लगेच हलवायचं ते. शहरात एका आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं असावीत असा नियम, पण इथे दोन जागा रिकाम्या होत्या त्यामुळे बाकीच्यांवर लोड आलेला. म्हणून बचत गटातल्या चार बायका सोबत घेतल्या, त्यांना आम्ही सखी म्हणायचो, त्यांना मानधन वगैरे काही नाही. नऊ आशा, चार सख्या, एकूण तेरा जणी.

वस्ती कशी, तर टिनाची घरं, कोणी कळमन्याच्या मार्केटात हमाली करते, कोणी कबाड वेचते, कोणी ई-रिक्षा चालवते, कोणी बांधकामावर. बरीचशी मंडळी गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेली, त्यामुळे बोली मिक्स, एकाच वाक्यात मराठी, हिंदी, झाडीबोली सगळं. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे पण या टिनाच्या घरात डिसेंबर-जानेवारीची रात्र कशी असते ते कोणी विचारत नाही. पारा दहाच्या खाली गेला की घरातच शेगडी, नाहीतर पुठ्ठे आणि काय हाती लागेल ते जाळायचं, दार बंद, धूर आतल्या आत, आणि त्या धुरात सहा-सात महिन्याचं लेकरू दोन स्वेटर, टोपी आणि शालीत गुंडाळलेलं. आदल्या हिवाळ्यात याच वस्तीतलं एक बाळ न्यूमोनियाने गेलं. उशिरा नेलं होतं. तिथूनच ट्रेनिंगची मागणी आली, केंद्राच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी स्वतः फोन केला.

जूनमधलं ट्रेनिंग

चार दिवस, समाजभवनात, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस यायचा होता, कूलर एकच, आणि तोही गरम हवा फेकून राहिला. आशाताईंच्या सरकारी ट्रेनिंगमधलं सहा आणि सात नंबरचं मॉड्यूल आधी झालेलं होतं, नवजात बाळाच्या भेटी त्या करतच होत्या, म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहायचं नव्हतं. सख्या मात्र नवीन.

जुलाबाचा भाग मस्त झाला. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं आणि दुकानात मिळणारं छोटं पाकीट २०० मिलीचं, हा फरक अर्ध्याहून जास्त बायकांना माहीत नव्हता, एक सखी तर मोठं पाकीट एका ग्लासात घोळून द्यायची, आणि ते किती खारट आणि धोक्याचं होतं ते तिला तिथेच चाखून कळलं. झिंकच्या गोळीचं पण तसंच, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम म्हणजे अर्धी गोळी आणि सहा महिन्यांच्या वर पूर्ण २०, चौदा दिवस, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते आणि पत्ता डब्यात पडून राहतो. यावर नाटुकलं केलं, हसल्या, लक्षात राहिलं.

न्यूमोनियाचा भाग आला तिसऱ्या दिवशी जेवणानंतर. गाभा सोपा आहे. फुप्फुसात इन्फेक्शन झालं की ती कडक होतात, ऑक्सिजन कमी पडते, मग बाळ भरभर श्वास घेते. म्हणून श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, पोटा-छातीवरचा कपडा वर करून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर जलद श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर जास्त गंभीर. आणि काहीच पीत नाही, सगळं ओकते, झटके आले, सुस्त-बेशुद्ध पडलंय, यातलं एकही असेल तर थांबायचंच नाही.

प्रॅक्टिकलसाठी तीन बाळं मागून आणली होती, तिन्ही त्या गर्मीत रडून राहिली, मग आम्ही व्हिडिओ लावला आणि स्क्रीनवरच्या बाळाचे श्वास मोजले. शेवटच्या दिवशी पेपर घेतला. सगळ्या पास. फोटो काढले, पोहे खाल्ले, घरी गेलो. त्या पेपरचे मार्क मी रिपोर्टमध्ये ठळक टाईपमध्ये टाकले होते, आता आठवलं की कसंतरी होते.

जानेवारीतला गुरुवार

मीनाताई ही आमच्या नऊ आशांपैकी सगळ्यात शांत. बोलत कमी, वही एकदम व्यवस्थित. त्या गुरुवारी दुपारी ती एका घरी लसीकरणाच्या यादीसाठी गेली तर शेजारच्या घरातून खोकल्याचा आवाज आला म्हणून डोकावली. सात महिन्यांची मुलगी, तीन दिवसांपासून सर्दी-खोकला, गल्लीतल्या डॉक्टरकडून सिरप आणि एक इंजेक्शन झालेलं, आजीने ओवा-लसणाची पुरचुंडी करून छाती शेकलेली. इथे एक गोष्ट सांगते जी नंतर महत्त्वाची वाटली. आशाच्या घरभेटी ठरलेल्या असतात, नवजाताच्या बेचाळीस दिवसांपर्यंत आणि मग तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिन्याला. ही पोरगी सात महिन्यांची, म्हणजे सहाची भेट होऊन गेली आणि नऊची दूर, कागदोपत्री त्या घरात जायचं काही कारणच नव्हतं आणि या मोजणीचा तिला एक रुपयाही मिळणार नव्हता.

तिने मोजले. ५८. बाळ आजीच्या मांडीवर जागं होतं, किरकिर करत होतं, म्हणून तिने आईला पाजायला सांगितलं, बाळाने थोडंसं प्यायलं, शांत झालं, परत मोजले तर ५६. बरोबर केलं, शिकवलं तसंच केलं. आरोग्य केंद्राची ओपीडी तोवर बंद झालेली. तिच्यासमोर दोनच रस्ते, सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिने आत्ता म्हटलं. आमची छापलेली चिठ्ठी भरली, सही केली, बापाला फोन लावून कामावरून बोलावलं, ई-रिक्षा ठरवून दिली.

ते लोक सहा वाजता निघाले. कॅज्युअल्टीत गर्दी, नंबर लागेपर्यंत साडेआठ. तोवर पोरगी झोपलेली, शालीत गुंडाळलेली. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, स्टेथोस्कोप स्वेटरच्या आत घातला न घातला, म्हणाले साधी सर्दी आहे, आशाला काय समजते, उगाच पाठवतात, थेंब लिहून देतो, घरी न्या. हे आईने आम्हाला सांगितलेलं, शब्द थोडे इकडचे तिकडे असतील. पण घरी आल्यावर आजीने गल्लीत उभं राहून जे म्हटलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. येण्याजाण्याचे अडीचशे रुपये गेले, पोराची अर्धी मजुरी बुडाली, "आणि डॉक्टर हसून राहिला ना आमच्यावर, काहून घाबरवतं बाई तू लोकांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी

साडेनऊला मीनाताई केंद्रात आली. घड्याळ माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, ते किटमधलं डिजिटल. म्हणाली, मॅडम हे घ्या, मी आता कोणाचे श्वास मोजणार नाही.

मी काय करायचं? इथे पहिला खरा निर्णय होता आणि तो माझा होता, तिचा नाही. डॉक्टरांनी पाहिलं आहे म्हणजे विषय संपला असं मानणं सगळ्यात सोपं, आणि प्रामाणिकपणे सांगते, अर्धा मिनिट मी तेच मानलं. डोक्यात आलं की हिने आत-बाहेर दोन्ही मोजलं असेल, ती चूक कॉमन आहे, एक श्वास दोनदा मोजला जातो. पण तसं झालं असतं तर खरा आकडा २९ निघतो, आणि जागं, किरकिर करणारं आजारी लेकरू इतका हळू श्वास घेईल हे पटत नव्हतं. आणि दोन वेळा मोजून दोनचाच फरक. मला तिच्या आकड्यावर विश्वास ठेवायला काहीच अडचण नव्हती, तरी ठेवायला वेळ लागला. कारण समोर डॉक्टर होता.

मी म्हटलं, घड्याळ उचल, चल, दोघी जाऊ. ती म्हणाली आजी शिव्या घालते. मी म्हटलं मला घालू दे.

आजीने शिव्या नाही घातल्या, ती घाबरलेली होती. रात्रभर पोरगी झोपली नव्हती आणि सकाळपासून स्तनाला तोंडच लावत नव्हती. स्वेटर वर केला. मोजायची गरजच नव्हती तरी मोजले, आम्ही दोघींनी वेगवेगळे, मनातल्या मनात, मीनाताईचे ६६, माझे ६४. आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडून राहिला. १०८ ला फोन केला, गाडी गल्लीत येत नाही म्हणून बाप पोरीला घेऊन मेन रोडपर्यंत पळाला, मी गाडीत बसले. त्याच दवाखान्यात. यावेळी मी पुढे होते, नर्सची भाषा बोलले, बोटाला ऑक्सिमीटर लागलं, ८७ आलं, म्हणजे ऑक्सिजन कमी, लगेच ऑक्सिजन आणि ॲडमिट. सहा दिवसांनी पोरगी घरी आली. ठीक आहे.

चूक कुठे होती ते शोधताना

पहिला आठवडा आम्ही त्या डॉक्टरला दोष देण्यात घालवला. मेडिकल ऑफिसर मॅडमनी मात्र एक साधा प्रश्न विचारला, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? ती आईकडे होती, पिशवीत, दुमडलेली. त्यावर बाळाचं नाव, वय, पत्ता, तारीख, आणि "तक्रार" या रकान्यात "सर्दी खोकला, श्वास जास्त".

आकडा नाही. ५८ नाही, ५६ नाही, वेळ नाही, बाळ जागं होतं की झोपलेलं ते नाही.

आणि ही मीनाताईची चूक नव्हती, आमच्या चिठ्ठीत आकड्याला जागाच नव्हती! चार दिवस आम्ही तेरा बायकांना आकडा काढायला शिकवलं आणि तो आकडा पुढच्या माणसाच्या हातात कसा पडेल याचा विचारच केला नाही. चिठ्ठी मी डिझाईन केली होती. जुन्या फॉर्मवरून कॉपी मारून, ट्रेनिंगच्या आदल्या रात्री. गर्दीच्या कॅज्युअल्टीत "श्वास जास्त" वाचणाऱ्या डॉक्टरला काय कळणार, प्रत्येक दुसरी आई तेच सांगते. त्यात झोपेत लेकराचा श्वास थोडा हळू होतो, म्हणजे साडेआठला त्याला दिसलेलं बाळ आणि साडेतीनला मीनाताईने पाहिलेलं बाळ दिसायला सारखं नव्हतंच. मी त्याला सोडून देत नाहीये, स्वेटर वर करून मिनिटभर बघायला हवं होतं. पण आमचा कागद त्याला ते करायला भाग पाडू शकला असता.

दुसरी गोष्ट अजून टोचते. महिन्याभराने त्या आईशी निवांत बोलणं झालं तेव्हा ती सहज म्हणाली, "मी तर ताईला सांगितलं होतं ना, पोरीची पसली चालून राहिली म्हणून." पसली चालणे. काही घरात डब्बा म्हणतात. म्हणजे छाती आत ओढली जाणं, अगदी तेच जे आम्ही स्लाईडवर दाखवलं होतं. मीनाताईला विचारलं तर म्हणाली, हो, म्हणाली होती, पण मॅडम आमच्याकडे साध्या सर्दीत पण म्हणतात असं, म्हणून मी लिहिलं नाही. गुरुवारी खरंच छाती आत जात होती का, थोडी जात होती आणि मीनाताईला दिसली नाही का, ते आता कळणार नाही. पण आईने वापरलेला शब्द आमच्या ट्रेनिंगमध्ये एकदाही आला नव्हता. आम्ही "छाती आत ओढणे" शिकवलं, वस्ती "पसली" बोलत होती, आणि चिठ्ठीवर उतरलं "सर्दी खोकला".

तिसरं, पाठवलं की काम झालं अशी आमची शिकवण. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघायचं हा नियम पुस्तकात आहे, आम्ही पण सांगितला होता, पण एका वाक्यात. मीनाताई शुक्रवारी त्या घरी गेली ती भांडण झालं म्हणून. भांडण झालं नसतं तर?

पर्याय

फेब्रुवारीत केंद्रात बसलो, मॅडम, मी, आमच्या संस्थेचे सर, मीनाताई आणि अजून दोघी.

सरांचं म्हणणं, रिफ्रेशर घेऊ, दोन दिवसांचा. बजेट होतं, रिपोर्टलाही बरं दिसतं. मी नाही म्हटलं. मीनाताईला श्वास मोजता येत होते, तिला परत तेच शिकवायचं म्हणजे तिचीच चूक होती असं सांगणं. बाकीच्यांच्या हाताला सराव नव्हता ते खरं, पण त्याचा इलाज अजून एक हॉल आणि अजून एक प्रोजेक्टर नाही.

दुसरा पर्याय होता औषध. २०१९ ला केंद्र सरकारने न्यूमोनियासाठी सांस नावाची मोहीम काढली, त्यात आशाने दवाखान्यात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा असं आहे. तो डोस गुरुवारी दुपारी पोटात गेला असता तर रात्र वाया गेली नसती, हे सरळ दिसतं. आणि आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायका-माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं, त्यातून बालमृत्यू कमी झाले आणि ते १९९० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मी हे जोरात मांडलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तिथे दवाखाना लांब होता आणि मागे पक्कं सुपरव्हिजन होतं, इथे तुझ्या तेरा बायकांपैकी किती जणींचा आकडा तू डोळे मिटून मान्य करशील ते सांग. मी गप्प. पाच म्हटलं असतं, कदाचित सहा. त्यांची भीती होती की गल्लीतला डॉक्टर जसा प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक देते तसंच आमच्याकडून होईल. आणि सख्यांच्या हाती औषध द्यायचा तर अधिकारच नाही.

माझं अजूनही म्हणणं आहे की शहरात दवाखाना जवळ असतो हा नकाशावरचा भ्रम आहे. सहा किलोमीटर आहे, बरोबर, पण रात्र, अडीचशे रुपये, बुडालेली मजुरी आणि वरून अपमान, हे सगळं जोडलं की ते अंतर खेड्याइतकंच होते.

तिसरा पर्याय, एखाद्या खाजगी बालरोगतज्ज्ञाशी टायअप. दोघांशी बोललो, एक तयार होते, पण वस्तीपासून लांब आणि औषधांचा खर्च कोण करणार यावर अडलं. सोडून दिलं.

काय केलं

आधी चिठ्ठी. नवीन चिठ्ठीत सगळ्यात वर मोठ्या चौकोनात श्वासाचा आकडा, दोनदा, शेजारी वेळ, बाळ जागं की झोपलेलं, छाती आत जाते का हो-नाही, खाली धोक्याच्या चार खुणा टिक करायला, आणि एक ओळ, "आई काय म्हणते, तिच्याच शब्दात." ही ओळ मीनाताईने सुचवली. कार्बन कॉपी आशाकडे राहते. मागच्या बाजूला आशाचा आणि केंद्राचा फोन नंबर.

मग मॅडमनी ओळखीतून त्या मोठ्या दवाखान्याच्या बालरोग विभागात आमची तासाभराची भेट ठरवली. तेरा जणी साड्या नेसून, बॅगा घेऊन गेल्या. तिथल्या एका तरुण रेसिडेंट डॉक्टरने फार मोकळेपणाने सांगितलं, ताई आम्ही रात्री एवढी लेकरं बघतो की कागद वाचायला पाच सेकंद असतात, त्या पाच सेकंदात मला आकडा दिसला तर मी थांबतो. एकीने विचारलं, मग आम्हाला रागावणार नाही ना? हसला, म्हणाला मी नाही रागावणार, बाकीच्यांचं सांगता येत नाही.

सराव अंगणवाडीत हलवला. दर शुक्रवारी एक तास, जिवंत लेकरं, आपल्या घरी असतात तशी, नाक वाहणारी, बिस्किट खाणारी. दोघी-दोघी एकाच बाळाचे श्वास मोजायच्या, आकडा कागदावर लिहून उलटा ठेवायचा, मग एकदम उघडायचे. दोन-चारचा फरक चालतो. पहिल्या शुक्रवारी एका जोडीचा ३८ आणि ७४ आला! तेव्हा कळलं कोण श्वास दोनदा मोजते, कोण अर्धा मिनिट मोजून दुप्पट करते. पेपरात या सगळ्या पास होत्या. आणि त्याच शुक्रवारी कळलं की तेरापैकी सात घड्याळांचे सेल गेलेले आहेत, त्या मोबाईलवर मोजत होत्या आणि मधेच फोन आला की मोजणी संपली. सेल सीताबर्डीवरून आणले, किंमत सांगायला लाज वाटते इतके स्वस्त.

मण्यांच्या माळा पण केल्या, इतवारीतून मणी आणून. एका श्वासाला एक मणी सरकवायचा, ४९ पांढरे आणि पन्नासावा लाल, मिनिट संपायच्या आत लाल हातात आला की पाठवायचं. दोन महिने ते वर्षाच्या लेकरासाठी ही, वर्षावरच्यांसाठी दुसरी, ३९ पांढरे. मला वाटलं कमी शिकलेल्या सख्यांना सोपं जाईल, पण खरा उपयोग वेगळाच निघाला, आजीला दिसायला लागलं. आकडा आशाच्या डोक्यात राहतो, माळ सगळ्यांसमोर सरकते, आणि लाल मणी आला की आजी स्वतःच म्हणते, चला. पण एका घरी लेकराने माळ ओढून तोंडात घातली, मणी सुटला असता तर घशात गेला असता, तेव्हापासून रांगणाऱ्या लेकरांच्या घरी माळ दारातच, आशाच्या हातात उंच. दोघींनी तर वापरणंच बंद केलं.

आणि परत भेटीचा नियम. पाठवलं तर दुसऱ्या दिवशी, नाही पाठवलं पण खोकला आहे तरी दोन दिवसात, घरी जाऊन किंवा निदान फोन. दवाखान्याने परत पाठवलं आणि आशाचं मन मानत नसेल तर थेट मॅडमना फोन, रात्री पण. मॅडमनी नंबर दिला याला मी या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त मार्क देईन.

काय झालं

मार्चपासून चिठ्ठ्या वाढल्या, त्यातल्या बऱ्याच साध्या सर्दीच्या निघाल्या. मॅडम एकदा वैतागल्या पण. मग हळूहळू बसलं. दवाखान्यातून परत आलेल्या चिठ्ठ्यांवर आता कधीकधी डॉक्टरचा आकडा आमच्या आकड्याशेजारी लिहिलेला असतो, आणि तो दिवस आशाताईंसाठी दिवाळी असतो. शिव्या पूर्ण थांबल्या असं नाही, एका कॅज्युअल्टीत चिठ्ठी न बघताच बाजूला ठेवली असं मे महिन्यात पण झालं.

चारपैकी दोन सख्या सोडून गेल्या. एकीला कपड्याच्या दुकानात काम लागलं, दुसरी म्हणाली, ताई आशाला निदान काहीतरी मिळते, आम्ही फुकटात किती दिवस फिरायचं. तिला उत्तर नव्हतं माझ्याकडे, अजूनही नाही. आणि एक आशा आहे जी आजही श्वास दोनदा मोजते, प्रत्येक शुक्रवारी सुधारते, पुढच्या शुक्रवारी परत तेच. तिच्यासोबत जोडी लावून दिली आहे.

अमॉक्सिसिलिनचं अजून अडलेलंच आहे. मॅडम म्हणतात शुक्रवारचे आकडे सलग सहा महिने जुळू दे, मग औषधासाठी मी स्वतः वर लिहीन.

परत करायचं झालं तर

न्यूमोनियाचं ट्रेनिंग जूनमध्ये घेणार नाही. जूनमध्ये वस्तीत जुलाब असतात, न्यूमोनिया हिवाळ्यात, म्हणजे शिकलेला हात सहा महिने रिकामा आणि मग एकदम परीक्षा. जुलाब मे-जूनमध्ये, श्वास ऑक्टोबरमध्ये, एवढी साधी गोष्ट कॅलेंडर बघून सुचायला हवी होती. चार दिवस एकत्र घेतले कारण हॉल एकत्र स्वस्त पडला, दुसरं कारण नाही.

पहिल्या दिवशी शिकवायच्या आधी ऐकेन. वस्तीतल्या पाच आज्या बोलावून विचारेन की लेकरू खोकल्याने बिघडलं हे तुम्हाला कशावरून कळते, आणि त्या जे शब्द सांगतील ते फळ्यावर लिहून तिथून सुरुवात. पसली, डब्बा, धाप, जे असेल ते. आजी ही आमच्या आराखड्यात कुठेच नव्हती आणि घरात निर्णय तिचा असतो, पैसा बापाचा आणि बोलणी खाणारी सून.

आणि त्या शुक्रवारच्या अर्ध्या मिनिटाबद्दल विचार करते अधूनमधून. मी गाडीत बसले, नर्सची भाषा बोलले म्हणून काम झालं. हे सांगताना लोक वाहवा करतात पण त्यात अडचण अशी की पुढच्या वेळी मी नसेन. आता एकदा तरी प्रत्येक आशाला ॲडमिट होणाऱ्या बाळासोबत दवाखान्यात पाठवतो, चिठ्ठी तिनेच द्यायची, आकडा तिनेच बोलून सांगायचा, मी बाहेर उभी राहते. पहिल्यांदा मीनाताई गेली तेव्हा आवाज फुटत नव्हता तिचा, मी काचेतून बघत होते. पण सांगितला तिने आकडा.

ती मुलगी गेल्या महिन्यात वर्षाची झाली. मीनाताईने तिच्या घरासाठी पिशवीत माळ बदलली, आता ३९ पांढऱ्या मण्यांची.